दुधाची पिशवी

कपाट पुढे ओढलं
तर मागे उत्तरेच्या भिंतीला मिसरूड फुटलेलं.
श्रीरंगची लग्नातली शेरवानी खांद्यावर पांढरी,
चामडी पट्टा हिरवा,
आणि मुक्ता रात्री खोकते ते धुळीनं,
असं आम्ही डॉक्टरांना सांगत होतो.

दोष कुणाचा ते ठरलेलं होतं.
वर खरवंडीकर बाई. त्यांची नहाणी
बरोबर आमच्या या कोपऱ्यावर.
दोन वर्षं पत्रं दिली, पोच घेऊन,
सेक्रेटरींच्या सहीनिशी.
जिन्यात पाटी लावली:
'आपल्या नहाणीचे पाणी आपल्याच घरात मुरवावे.'
शब्द माझे. 'मुरवावे'वर मी बेहद्द खूश होते.
बाईंनी एकदा अख्खी नहाणी फोडली,
नवी फरशी, नवी जाळी, चाळीस हजार.
बोलावून दाखवलं.
मी म्हटलं, बघू.

दर दिवाळीला भिंत खरवडायची,
पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात.
दर नागपंचमीला ती परत तशीच.

नबीलाल मिस्त्री हडपसरहून वारज्याला
दोन बस बदलून आले.
नाण्यानं भिंत वाजवली,
कलिंगड घेताना वाजवतात तशी, कान लावून.
वरच्या मजल्याबद्दल मी सगळं सांगत होते,
ते ऐकत नव्हते.
मग दुधाची रिकामी पिशवी मागितली.
धुतली, कापली, कोरडी केली,
वीतभर चौकोन भिंतीवर,
चारी कडांना चिकटपट्टी.
"दोन दिवस हात लावू नका.
आतल्या अंगाला घाम आला तर पाणी भिंतीतलं.
बाहेरच्या अंगाला आला तर..."
पुढे काही बोलले नाहीत.
चहा बशीत ओतला.

ते दोन दिवस
खडकवासल्यातून पाणी सोडलेलं,
हॉलमध्ये दोरीवर मुक्ताचे युनिफॉर्म,
पायमोजे, श्रीरंगची जीन्स जी तीन दिवस वाळत नाही.
कुकरच्या शिट्ट्या. गिझर. तिघांच्या आंघोळी.
डासांच्या भीतीनं खिडक्या लावलेल्या,
खिडक्यांच्या फटींत कागद कोंबलेले. मीच कोंबलेले.

तिसऱ्या दिवशी चौकोनावर थेंब होते.
आमच्या बाजूला.
पट्टी सोडवून मागे बोट फिरवलं,
कोरडं. पुन्हा फिरवलं.
श्रीरंग म्हणाला, नीट लागलं नसेल.
नवा चौकोन लावला.
पुन्हा दोन दिवस. पुन्हा आमच्याच बाजूला.

"ते पाणी तुमचंच, ताई," मिस्त्री फोनवर म्हणाले,
मागे कुठेतरी कटर चालू होता,
"भाताची वाफ, आंघोळ, ओले कपडे, तुमचे श्वास.
गार भिंत दिसली की तिथे बसतं.
वरून काही नाही."

वरून काही नाही.

आता कपाट भिंतीपासून हातभर लांब आहे,
रात्री उठलं की गुडघा आपटतो.
दोरी गॅलरीत गेली, पाऊस असला तरी.
शिजताना झाकण, आंघोळीनंतर पंखा,
सकाळी समोरासमोरच्या खिडक्या
दहा मिनिटं सताड.
मुक्ताला मैत्रिणीकडे पाठवून
नाकाला ओढणी बांधून
सोड्याच्या पाण्यानं ते मिसरूड पुसलं,
फडकी पुरली नाहीत.
रंग यंदा नाही. आधी सुकू दे.

पाटी काढायला रात्री गेले,
जिन्यातला दिवा न लावता.
चार टाचण्या. तीन सापडल्या.

आणि मग, आता नाही तर कधीच नाही म्हणून,
तशीच एक मजला वर चढले.
काय बोलायचं ते पाठ केलं होतं,
पत्रात लिहिते तसं, मुद्देसूद.
दार साखळीपुरतं उघडलं.
"आता काय राहिलं?" खरवंडीकर बाई म्हणाल्या.

फटीतून वास आला,
कुबट, ओळखीचा,
अगदी आमच्या घरासारखा.

माझं पाठांतर तिथेच विसरलं.
"दुधाची रिकामी पिशवी आहे का?" मी विचारलं.